आधी आपली चूक

फ्लेक्स दोन आले आणि दोन्ही एकाच टेम्पोतून आले. सालेकशात फ्लेक्स छापून देणारं दुकान एकच, तेव्हा टेम्पोवाल्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्याने दोन्ही गुंडाळ्या विहाराच्या पायरीशी उतरवल्या, "कोनता कुठं लावाचा ते तुमी पाहून घ्या जी," म्हणाला आणि चहाला न थांबता निघून गेला. शहाऱ्यांच्या घरात सध्या काय शिजतंय ते त्याला दुकानातच कळलं असावं.

अल्काने दोन्ही गुंडाळ्या उलगडल्या. दोन्हींवर तिच्या धाकट्या भावाचा, अश्विनचा, एकच फोटो होता, वकिलातीच्या स्वयंपाकघरात काढलेला. डोक्यावर पांढरी उंच टोपी, हातात झारा, आणि कोणीतरी हसवल्यामुळे मिटत आलेले डोळे. हा फोटो बाकीच्या दोघा भावांनी, खुशाल आणि राजदीपने, अश्विनच्या बायकोच्या, नीलाच्या मोबाइलवरून घेतला होता. पण खुशालच्या फ्लेक्सवर टोपी गेली होती आणि जन्मात कधी न घातलेला काळा कोट अश्विनच्या अंगात आला होता. राजदीपच्या फ्लेक्सवरही टोपी गेली होती आणि मागे तिरंगा फडकत होता. झारा मात्र दोघांनीही कापला होता. ज्या दोन पक्षांचं जगात कशावरच जमत नव्हतं, त्यांचं शहीद माणसाच्या हातात झारा शोभत नाही यावर तेवढं एकमत झालं होतं.

अल्काला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं. झाऱ्याशिवायचा अश्विन तिला आपला वाटेना.

त्याला जाऊन आज अकरा दिवस झाले होते आणि दुपारी विहारात श्रद्धांजलीची सभा होती. ज्या परदेशी शहराचं नाव पिपरटोल्यात आता शेंबड्या पोरांनाही पाठ झालं होतं, तिथल्या आपल्या वकिलातीच्या मागच्या फाटकावर सकाळी साडेसातला बारुदाने भरलेली गाडी येऊन आदळली. पाच माणसं गेली. त्यात शहाऱ्यांचं शेंडेफळ होतं, वकिलातीचा आचारी. पेटी चौथ्या दिवशी घरी आली. तोवर टीव्हीवर दोन्ही पक्ष एकमेकांच्या उरावर बसले होते. सरकार पक्ष म्हणत होता, धोका दिसताच आम्ही पंधरा दिवस आधी परत येणाऱ्यांची यादी काढली होती, जे राहिले ते आपल्या मर्जीने राहिले. विरोधी पक्ष म्हणत होता, यादीबिदी काही नव्हती, उलट मागच्या फाटकावरचा पहारा यांनीच काढून घेतला. दिल्लीत हे भांडण दोन कचेऱ्यांमध्ये चाललं होतं. पिपरटोल्यात ते एका अंगणात चाललं होतं, कारण मोठा खुशाल, माजी सरपंच, सरकार पक्षाचा तालुक्याचा माणूस होता आणि मधला राजदीप, तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारा, विरोधी पक्षाचा.

"ताई, दारावर माजा फ्लेक्स लागन," खुशाल म्हणाला. "आमच्या पक्षाचे दुर्गाप्रसादजी गोंदियावून येऊन राहिले. गाडीतून उतरल्याबरोबर त्यायले तो दिसला पायजे."

"आन् आमच्या रचनाताई काय डोऱ्यायले पट्टी बांधून येऊन राहिल्या का?" राजदीपने विचारलं.

"त्यायले बलावलं कोनं?"

"तुमच्या दुर्गाप्रसादले कोनं बलावलं? पेटी यायच्या आधी टीव्हीवर सांगत होता, राहनारे आपल्या मर्जीनं राह्यले. म्हणजे आपल्या भावानं सोताहून जीव देला काय गा?"

"तोंड सांभार. मी मोठा हावो तुजा."

"मोठा हायस तं मोठ्यासारखा वाग ना."

अल्काने गुंडाळ्या परत गुंडाळल्या. "दोन्हीबी लागनार नाई इथं. आत बुद्ध हाय, बाबासाहेब हाय, आन् अश्विनचा फ्रेमचा फोटो हाय. तेवढे पुरे. तुमचे नालीच्या पलीकडं लावा, एक इकडं, एक तिकडं. आन् टोपी कोनं काढाले सांगतली होती त्याची?"

पन्नाशी ओलांडलेला खुशाल आणि केस पांढरे होऊ घातलेला राजदीप आपापली गुंडाळी काखेत मारून नालीकडे चालू लागले.

हे या घराचं असंच होतं. आई देवकाबाई गेली तेव्हा अल्का एकोणीस वर्षांची होती आणि अश्विन चार. त्या दिवसापासून घरात काहीही करायचं तर ताईला पुसायचं, असा कायदाच झाला. पुढे अल्का लग्न होऊन देवरीला गेली तरी तो मोडला नाही, उलट चिठ्ठ्या यायच्या. तीन वर्षांत नवरा गेला आणि ती तान्ह्या मंजूला घेऊन परत आली, तेव्हा घराने सुटकेचा श्वास सोडला, असं बाप उदाराम पुढे हसत सांगायचा आणि मग त्याचेच डोळे भरायचे. खुशालने धानाचं बियाणं कोणतं घ्यावं, राजदीपने कॉलेज सोडावं की नाही, सगळं ताईच्या तोंडून यायचं. अश्विनचं तर विचारूच नका. देवरीच्या हायवेवरच्या ढाब्यात काम मिळालं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. अल्का शिकवायची त्या अंगणवाडीच्या दारात येऊन उभा राहिला आणि पोरांसमोर विचारलं, "ताई, जाऊ का?" नागपूरच्या हॉटेलातून एका साहेबाने आपल्याबरोबर परदेशात चल म्हटलं तेव्हाही तोच प्रश्न. नीलाला बघून आला तेव्हा बूटही न काढता ओट्यावर बसला आणि म्हणाला, "ताई, हो म्हणू का?" अल्का म्हणाली होती, "तुले आवडली का?" तर तो म्हणाला, "ते तं हाय, पन तू सांग."

किती हसली होती ती तेव्हा.

* * *

घरात नीला लाखोरीची डाळ वाटत होती. वडे आज झालेच पाहिजेत, असं तिनेच ठरवलं होतं. लाखोरीचे वडे हा अश्विनचा हातखंडा पदार्थ. वकिलातीत सव्वीस जानेवारीला त्याने ते केले आणि गोऱ्या पाहुण्यांनी दोनदोनदा मागून खाल्ले, ही हकिगत त्याने फोनवर इतक्या वेळा सांगितली होती की पाहुण्यांचा आकडा दर वेळी वाढत गेला. मुळात त्याला वडे शिकवले अल्कानेच. पहिल्या घाण्याला त्याने डाळ इतकी पातळ केली की वड्यांच्या जागी तेलात नुसती भुकटी तरंगली. उदारामने ती भुकटी भातावर घालून खाल्ली आणि बरी लागते म्हणाला. दुसऱ्या दिवशी पोरगं शाळेतून आलं ते थेट पाट्यापाशी बसलं.

"ताई," नीलाने हात पुसून ब्लाउजमधून एक घडी केलेला कागद काढला. "राजदीपभाऊनं लिवून देला. रचनाताईसमोर वाचाचा हाय. तुमी पायता का जरा?"

कागदावरचं मराठी वर्तमानपत्रातलं होतं. माझ्या पतीस परत येण्याबाबत कोणीही विचारणा केली नव्हती. अशी कोणतीही यादी असती, तर त्यांनी सर्वप्रथम मला सांगितले असते.

अल्काने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं हलू लागली.

"बराबर हाय ना ताई? असंच म्हणू ना मी?"

"तुले काय वाटते?"

"मले काय वाटाचं? तुमी म्हणान तसं." नीला तिच्याकडे एकटक बघत होती. बारा वर्षांची आचल आईच्या पाठीला टेकून बसली होती, अकरा दिवसांत ती आईपासून हातभर लांब गेली नव्हती.

आत्ता सांगावं, असं अल्काला वाटलं. शब्द ओठांपर्यंत आले. मग तिने नीलाचे वाटणाने माखलेले हात बघितले, पाठीशी टेकलेली पोर बघितली आणि तिचा धीर सुटला.

"म्हण," ती म्हणाली.

नीलाने मान डोलावली आणि कागद परत खोचला. पण लगेच वरवंटा हातात घेतला नाही. ती थोडा वेळ अल्काकडे तशीच बघत राहिली. अल्का मोहफुलं वाळत घातली आहेत ती बघते म्हणून मागच्या अंगणात निघून आली.

मोहफुलं हे नुसतं निमित्त नव्हतं. त्या दिवशीही ती इथेच होती, फुलं पसरत. फोन आला तेव्हा हात चिकट होते म्हणून तिने तो खांद्याने कानाशी धरला होता.

"ताई, इथं लिस्ट निंगाली," अश्विन म्हणाला होता. "जे ऑफिसातले नाई, त्यायनं घरी जाचं तं जा म्हणतेत. स्वयंपाकी, माळी, डायवर. कंपल्सरी नाई. येऊ का?"

"काऊन? काई झालं का?"

"तसं काई नाई. वातावरन थोडं गरम हाय. मागच्या गेटवर महिन्यापासून गार्डबी नाई, आमी किचनवालेच आलटूनपालटून पायतो."

"आता आलास तं मंजूच्या लग्नाले सुट्टी भेटन का?"

"आता आलो तं परत घेतीन का नाई, तेच सांगता येत नाई."

आणि मग ती म्हणाली होती. अगदी सहज, फुलांतला एक खडा उचलून फेकता फेकता. "मंग लग्नालेच ये ना. मी दुसरा आचारी नाई सांगतला अजून. तूच करशीन म्हणून साऱ्या गावाले सांगून बसली."

"बरं," तो म्हणाला. "मंग लग्नालेच येतो. पाचशे पानाचं हाय ना? मले फर्मास कढई पायजे, ते विहारातली पत्र्याची नाई चालनार."

त्यानंतर तो वीस मिनिटं कढईवर बोलला. तिने ऐकलं, ती हसली, आणि फोन ठेवल्यावर यादीचा विचारही तिच्या मनात आला नाही. गेट, गार्ड, गरम वातावरण, काहीच राहिलं नाही. राहिली ती कढई.

म्हणजे खुशाल म्हणतो ते खरं होतं. यादी निघाली होती. आणि राजदीप म्हणतो तेही खरं होतं. फाटकावर माणूस नव्हता. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. ठाऊक फक्त तिला होतं. ते सांगायचं म्हणजे अश्विनला तिथे कोणी ठेवलं तेही सांगायचं. आणि नीलाला सांगायचं की तुझ्या नवऱ्याने जगण्यामरण्याची गोष्ट तुला नाही विचारली, मला विचारली. अकरा दिवस नीला तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून झोपत होती. सांगितल्यावर तिने ते डोकं उचललं तर काय, या भीतीने अल्काचा जीव थाऱ्यावर नव्हता.

बाबा असता तर त्याने एव्हाना इनक्वारी बसवली असती.

उदाराम रेल्वेत चाबीवाला होता. खांद्यावर हातोडा घेऊन रोज सहा किलोमीटर रूळ चालायचा आणि सैल झालेली चाबी दिसली की ठोकून घट्ट करायची, हे त्याचं काम. एका जानेवारीत, झोंबत्या थंडीत, दरेकशाकडच्या उतारावर मालगाडीचे दोन डबे घसरले. माणूस कोणी मेला नाही, पण साहेब लोक नागपूरहून आले आणि टेबल मांडून चौकशीला बसले. मुकादमाने इन्स्पेक्टरवर ढकललं, इन्स्पेक्टरने रूळ पुरवणाऱ्यावर. उदारामची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "साहेब, आधी माजी चूक सांगतो, मंग बाकीच्यायची. त्या दिवशी शेवटचा अर्धा किलोमीटर मी चाललोच नाई. घरी बायको बारतपनात अडली होती, मी पलटलो." त्याची वार्षिक वाढ थांबली आणि दोन वर्षांसाठी बदली झाली. पण साहेबाने लिहून घेताना पेन खाली ठेवून त्याच्याकडे बघितलं, हे तो मरेपर्यंत विसरला नाही. त्या दिवशी जन्मलेलं पोर म्हणजे अश्विन.

तेव्हापासून घरात भांडण झालं की अंगणात इनक्वारी बसायची. सगळ्यांनी गोल बसायचं, आधी आपली चूक सांगायची, मग दुसऱ्याची, आणि डोळ्याने पाहिलं तेवढंच बोलायचं. आपली चूक सांगितली नाही तर दुसऱ्याची सांगायचा हक्क नाही. तोंडाला गूळ लागलेला सहा वर्षांचा अश्विन कमरेवर हात ठेवून सांगायचा, "माजी चूक, मी गूर खाल्ला. ताईची चूक, तिनं डबा खालच्या फळीवर ठेवला." उदाराम गंभीर चेहऱ्याने दोन्ही चुका मान्य करायचा. खुशाल रडायचा, राजदीप वाद घालायचा, पण जेवायच्या वेळेपर्यंत भांडण मिटलेलं असायचं. किती साधं होतं ते आणि किती छान चाललं होतं. पुढे उदाराम गेला, दोघे भाऊ दोन पक्षांत गेले आणि इनक्वारी बंद पडली. पक्षात गेलेल्या माणसाला आपली चूक सांगण्याची सोय राहत नाही.

* * *

दुपारी विहार भरला. गावातली हिंदू घरंही आली होती, शेताला लागून धानाच्या बांध्या असलेली, सुखदुःखात न चुकणारी. बौद्धाचार्यांनी मेणबत्ती लावली. त्रिशरण, पंचशील झालं. सगळ्यांनी उभं राहून दोन मिनिटं मौन पाळलं. तेवढी दोन मिनिटं अश्विनची झाली.

पुढच्या दोन खुर्च्यांवर पाहुणे बसले होते. त्यांनी एकमेकांना नमस्कार केला आणि मग दोन्ही खुर्च्या थोड्या थोड्या विरुद्ध दिशेला सरकल्या. श्रद्धांजलीला आधी दुर्गाप्रसादजी उठले.

"अश्विन आपल्या जिल्ह्याचा बेटा होता," ते म्हणाले. "आमच्या सरकारनं तर लिस्ट काढली, हवाई जहाज तयार ठेवलं. जो आना चाहे, आ जाए. पण हा शेर तिथंच डटून राहिला. आता काही लोक लाशीवर राजकारण करून राहिले, त्यांना मी इतकंच सांगतो, शरम करा."

खुशालने मान हलवली. मागे राजदीप उठून उभा राहिला, कोणीतरी त्याला हात धरून बसवलं.

मग रचनाताई. त्यांचा आवाज चांगला होता आणि त्यांना ते माहीत होतं. "लिस्ट, लिस्ट, लिस्ट. अकरा दिवस ऐकते आहे. दाखवा ना कागद. पहारा काढला कोणी, ते सांगा. आणि लिस्ट होती की नव्हती ते दिल्लीला कशाला विचारायचं? त्या माणसाची पत्नी इथे बसली आहे. ती सांगेल. नीलाताई, या."

चारपाच मोबाइल वर झाले. नीला उठली. कागद तिच्या हातात होता. तिने माइक घेतला, कागद उघडला, आणि वाचण्याआधी अल्काकडे बघितलं. सकाळच्यासारखंच, एकटक.

अल्का कशी उठली ते तिचं तिला कळलं नाही. एकीच्या पदरावर पाय पडला. ती पुढे गेली आणि नीलाच्या हातातून माइक घेतला.

"मी उदाराम चाबीवाल्याची पोरगी," ती म्हणाली. आपलाच आवाज कर्ण्यातून ऐकून ती क्षणभर थांबली. "आमच्या घरी बोलाची एक रीत हाय. जुन्या लोकायले मालूम हाय. आधी आपली चूक सांगाची, मंग दुसऱ्याची. आतावरी इथं दोघं बोलले, दोघायनंबी दुसऱ्याचीच सांगतली. मी माजी सांगते."

"ताई, बस ना खाली," खुशाल हळूच म्हणाला. "मंग बोलू."

"लिस्ट निंगाली होती. अश्विननं मले फोन केला, येऊ का म्हणून. गेटवर गार्ड नाई, तेबी सांगतलं. मी म्हणली, आता नोको येऊ, मंजूच्या लग्नाले ये. मले लग्नाले आचारी पायजे होता." तिने माइक तोंडाशी आणखी जवळ घेतला, कारण अर्धवट सांगून चालणार नव्हतं. "त्याले कोनी सरकारनं तिथं नाई ठेवलं. शेर बनूनबी नाई राह्यला तो. मी राह्य म्हणली म्हणून राह्यला. हे मी अकरा दिवस लपवलं. नीलापासूनबी लपवलं. आज सकारी तिनं मले पुसलं तवाबी लपवलं."



"आयकलं ना साऱ्यायनं?" खुशाल उभा राहिला होता. त्याचे डोळे ओले होते, पण आवाजात जीव आला होता. "लिस्ट होती. घरचं मानूस सांगून राहिलं. आता बोला म्हणा."

"आन् गेटवर गार्ड नव्हता, ते नाई आयकू आलं का तुले?" राजदीप ओरडला. "तेबी घरचंच मानूस सांगून राहिलं."

"लिस्ट होती का नाई ते बोल पह्यले."

"गार्ड काऊन काढला ते बोल तू."

रचनाताई आपल्या माणसाला कानात काही सांगू लागल्या. दुर्गाप्रसादजींच्या माणसाने मोबाइल आणखी जवळ आणला. अल्काच्या बोलण्याचे तिथल्या तिथे दोन वाटे पडले होते आणि ज्याने त्याने आपला उचलला होता. तिची चूक तेवढी कोणालाच नको होती. ती माइक धरून तशीच उभी राहिली. नीलाकडे बघण्याची तिची हिंमत होत नव्हती.

"ताई, माइक द्या."

नीलाने तो घेतला. कागदाची घडी घालून तिने तो अश्विनच्या फोटोसमोर, फुलांपाशी ठेवला.

"माजीबी चूक हाय," ती म्हणाली. भांडणारे भाऊ थांबले नाहीत, म्हणून तिने ते पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने. तेव्हा थांबले.

"त्या कागदावरचं खोटं हाय. राजदीपभाऊनं लिवलं तवा त्यायले मालूम नव्हतं. मले मालूम होतं. लिस्ट निंगाली त्या दिवशी आचलच्या बाबानं पह्यले मलेच फोन केला. येऊ का नीला, म्हणून मलेच पुसलं."

अल्काने मान वर केली.

"माज्या मनात होतं, या म्हणावं. लय होतं. तीन दिवसांपासून मले झोप नव्हती, तिकडच्या बातम्या पाहून. पन मी तसं म्हणली नाई. चौदा वर्षं झाले मले या घरात येऊन, इथं कोनी असं ठरवत नाई. मी म्हणली, ताईले पुसा." नीलाचा आवाज फुटला, पण तिने माइक खाली घेतला नाही. "मले वाटलं, ताई ये म्हणन. सारं ताईवर टाकून मी मोकरी झाली. मंग ताई चूप राह्यली तं मीबी चूप राह्यली. आज सकारी तुमाले कागद दाखवला ताई, तो याच्याचसाठी. तुमी नाई म्हणाल, असं वाटलं."

रचनाताईंनी पर्स उगाच उघडली आणि बंद केली. दुर्गाप्रसादजी घड्याळ बघत उठू लागले.

"बसा साहेब," नीला म्हणाली. "आमच्या घरचे दोघं राह्यले अजून."

तिने माइक दोघा भावांसमोर धरला. खुशालने राजदीपकडे बघितलं, राजदीपने खुशालकडे. अकरा दिवस ज्या माइकसाठी ते भांडत होते त्याला हात लावायला आता कोणी पुढे येईना. खुशाल सतरंजीवर बसला आणि उपरण्यात तोंड घालून लहानपणी रडायचा तसा रडू लागला. मग राजदीपही येऊन त्याच्या शेजारी टेकला. माइक नीलाच्या हातातच राहिला.

अल्का अजून मधोमध उभी होती. आपण बसावं की घरी जावं, नीलाला जवळ घ्यावं की तिच्यापासून दूर राहावं, वडे तळायला टाकायचे की नाहीत, तिला काहीच सुचत नव्हतं. सदतीस वर्षं ज्याने त्याने तिला विचारलं होतं आणि तिने सांगितलं होतं. आपण कोणाला विचारायचं असतं हे ती विसरून गेली होती.

"नीला," ती म्हणाली, "आता मी काय करू वं?"

नीलाने पदराने तोंड पुसलं. तिने अल्काला जवळ घेतलं नाही, आणि तोंडही फिरवलं नाही. फोटोसमोरच्या सतरंजीवर बोट दाखवून ती म्हणाली, "बसा तिथं."

अल्का बसली.